नांगर कडेवर घेणारा हॅरी

मृगाच्या तोंडावर गावागावांत ट्रॅक्टरची घरघर सुरू होते. शेतात कधी पाय न ठेवलेल्या बाईलाही लांबून लाल रंगाचा मॅसी ओळखता येतो. नाव घ्यायचं झालं तर सगळे नुसतं मॅसी म्हणतात आणि पुढचं फर्ग्युसन गाळून टाकतात. मैत्रिणींनो, आज आपण त्या गाळलेल्या फर्ग्युसनची गोष्ट ऐकणार आहोत. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजशी याचा काही संबंध नाही, बरं का! त्या कॉलेजला मुंबईच्या एका गव्हर्नरांचं नाव दिलेलं आहे. आपला हॅरी फर्ग्युसन आयर्लंडच्या खेड्यातला एका शेतकऱ्याचा मुलगा. आणि गंमत अशी की शेती त्याला मुळीच आवडत नव्हती.

हॅरीचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ चा. गाव ग्रोवेल, ड्रोमोरजवळचं. हा भाग आज उत्तर आयर्लंडमध्ये येतो. घरची शंभर एकर जमीन आणि अकरा भावंडं, त्यातला हा चौथा. वडील अतिशय धार्मिक आणि कडक. प्रार्थना, बायबल, पहाटे उठून घोड्यांचं वैरण-पाणी आणि दिवसभर घोड्यांच्या मागे नांगर धरून चालणं, असा दिनक्रम. आपल्याकडे बैल तसे तिकडे घोडे. अंगकाठीने बारीक असलेल्या हॅरीला ते काम झेपायचं नाही आणि पटायचंही नाही. चौदाव्या वर्षी त्याची शाळा सुटली. धर्माच्या बाबतीतही त्याचं वडिलांशी जमेना, कारण देवाधर्माच्या गोष्टींवर त्याचा विश्वासच बसत नव्हता. शेवटी त्याने कॅनडाला निघून जायचं ठरवलं.

तो गेला असता तर आपली गोष्ट इथेच संपली असती. पण १९०२ मध्ये मोठा भाऊ ज्यो याने बेलफास्ट शहरात सायकली आणि मोटारी दुरुस्त करायचं गॅरेज काढलं आणि हॅरीला शिकाऊ म्हणून हाताशी घेतलं. तिथे या पोराला आपला सूर सापडला. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखण्यात तो थोड्याच दिवसांत पटाईत झाला. गॅरेजची जाहिरात व्हावी म्हणून मोटारसायकलच्या शर्यतीत भाग घ्यायचा आणि जिंकायचाही.

पुढचं वेड विमानाचं. राईट बंधूंचं विमान उडून पाचसहा वर्षंच झाली होती. १९०९ मध्ये हॅरी फ्रान्समधला विमानांचा मेळा बघून आला आणि घरी येऊन स्वतःच विमान बांधायला बसला. ३१ डिसेंबर १९०९, वर्षाचा शेवटचा दिवस, वारा सुटलेला. हिल्सबरो गावच्या मैदानात हे विमान जमिनीवरून उचललं गेलं आणि साधारण एकशेवीस मीटर जाऊन खाली उतरलं. आयर्लंडच्या भूमीवरचं ते पहिलं विमानोड्डाण! पुढच्या वर्षी न्यूकॅसलच्या समुद्रकिनाऱ्यावर तीन मैल उडून त्याने शंभर पौंडांचं बक्षीस मिळवलं. पडझडही झालीच. भाऊ या उद्योगांनी वैतागला असणार, कारण १९११ मध्ये हॅरीने वेगळं होऊन स्वतःचं दुकान थाटलं.

१९१३ मध्ये त्याने मॉरीन वॉटसनशी लग्न केलं. ड्रोमोरच्या किराणा दुकानदाराची ही मुलगी. देव न मानणारा जावई तिच्या घरच्यांना नको होता, पण मॉरीनने ऐकलं नाही. नवऱ्याचं डोकं सतत यंत्रात, पैसा आज आहे तर उद्या नाही, कधी बेलफास्ट तर कधी थेट अमेरिका... असा संसार तिने सत्तेचाळीस वर्षं केला. बेट्टी ही त्यांची एकुलती एक मुलगी. शोधकांच्या चरित्रात बायकोच्या वाट्याला चार ओळी येतात, त्यातल्याच या.

आता शेतीकडे वळू या. पहिलं महायुद्ध चालू होतं. धान्य घेऊन येणारी जहाजं जर्मन पाणबुड्या बुडवत होत्या, त्यामुळे घरच्या घरी जास्त पिकवणं भाग होतं. हॅरीच्या दुकानात अमेरिकेतून आलेले ट्रॅक्टर विकायला होते. १९१७ मध्ये आयर्लंडच्या शेती खात्याने त्याला गावोगावचे ट्रॅक्टर नीट चालतात का ते बघायला पाठवलं. सोबत होता विली सँड्स, हॅरीच्या गॅरेजमधला हुशार मेस्त्री. दोघं रानोरान हिंडले, आणि बघितलं त्याने हॅरी हादरूनच गेला.

त्या वेळचा ट्रॅक्टर म्हणजे लोखंडी हत्ती. दोनतीन टनांचं धूड! त्याच्या मागे साखळीने नांगर बांधायचा, जसा घोड्याला बांधत तसाच. घोड्याच्या जागी इंजिन आलं एवढंच, नांगर जुनाच. ट्रॅक्टर जड म्हणून जमीन दाबली जायची आणि हलका केला तर चाकं जागच्या जागी फिरायची. सगळ्यात वाईट म्हणजे फाळ एखाद्या पुरलेल्या दगडात किंवा मुळात अडकला की नांगर जागीच थांबायचा, इंजिन मात्र जोर लावतच राहायचं. मग पुढची चाकं हवेत उचलली जायची आणि ट्रॅक्टर मागे उलटून चालकाच्या अंगावर पडायचा. अमेरिकेत हेन्री फोर्डचा फोर्डसन हा हलका आणि स्वस्त ट्रॅक्टर घरोघरी गेला, त्यात कित्येक शेतकरी असेच दगावले. घोडा अडला की थांबतो. इंजिनाला ते कसं कळणार?

हॅरीने जो उपाय शोधला तो समजायला इंजिनीअर असायची गरज नाही, आपण बायका तर तो रोजच वापरतो. भरलेली घागर दोरीने बांधून मागे ओढत नेली तर काय होईल? तीच कडेवर घेतली तर तिचं ओझं अंगात मुरतं आणि पाय उलट घट्ट रोवले जातात. हॅरीने ठरवलं, नांगर मागे ओढायचा नाही, ट्रॅक्टरने तो कडेवर घ्यायचा. नांगर आणि ट्रॅक्टर मिळून एकच अवजार व्हायला हवं.

सुचलं १९१७ मध्ये, पण साधायला पंधरा-सोळा वर्षं गेली. शेवटी जे तयार झालं ते आज कुठल्याही ट्रॅक्टरच्या मागे जाऊन बघा. खाली दोन दांडे आणि वर मधोमध एक दांडा, ज्याला आपल्याकडे सगळे टॉपलिंक म्हणतात. तीन ठिकाणी नांगर अडकवला की तो ट्रॅक्टरचाच अवयव होतो. जमीन घट्ट लागली की नांगर अडतो आणि वरचा दांडा पुढे रेटला जातो. त्या रेट्याने इंजिनावर चालणारा तेलाचा पंप कामाला लागतो आणि नांगर किंचित वर उचलला जातो. नांगराचं आणि मातीचं वजन मागच्या चाकांवर येतं, त्यामुळे चाकं घसरत नाहीत. तो वरचा दांडा ट्रॅक्टरचं नाकही खाली दाबून धरतो, म्हणून मागे उलटायची भीती कमी होते. ट्रॅक्टर स्वतः जड असायची गरजच उरली नाही. एका टनाच्या आसपास वजनाचं छोटं यंत्र मोठ्यांचं काम करू लागलं.

हॅरीचा स्वभाव मात्र कठीण! नीटनेटकेपणाचं त्याला वेड होतं. पाना जागच्या जागी हवा, कपड्यावर डाग नको, पाच मिनिटं उशीर नको. माणसं वैतागत, तरी विली सँड्ससारखे काही त्याला धरून राहिले. पैसा टिकत नव्हता. १९२५ मध्ये अमेरिकेत शर्मन बंधूंबरोबर फोर्डसनला बसणारे नांगर बनवायचा कारखाना काढला, तर १९२८ मध्ये फोर्डने अमेरिकेत फोर्डसन बनवणंच बंद केलं. ट्रॅक्टरच नाही तर नांगर घेणार कोण? पुन्हा शून्यावर. १९३३ मध्ये त्याने बेलफास्टमध्ये स्वतःचा एक ट्रॅक्टर बांधला. तो काळ्या रंगाचा होता आणि आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. १९३६ पासून डेव्हिड ब्राऊन या इंग्लंडमधल्या कारखानदाराने तो विकायला काढला. किंमत २२४ पौंड आणि त्याला बसणारं प्रत्येक अवजार २६ पौंडांचं. घरची जुनी अवजारं त्याला चालत नसत, मग शेतकरी विचार करत बसायचे. जेमतेम साडेतेराशे ट्रॅक्टर झाले आणि दोघा भागीदारांचं बिनसलं.

मग आला ऑक्टोबर १९३८. हॅरी आपला ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेत हेन्री फोर्डच्या शेतावर पोचला. फोर्डने पूर्वी एकदा त्याला नोकरी देऊ केली होती, पेटंट विकत घ्यायचीही तयारी दाखवली होती आणि हॅरीने दोन्हीला नकार दिला होता. या वेळी फोर्डच्या डोळ्यांदेखत त्या लहानग्या ट्रॅक्टरने मोठमोठ्यांना मागे टाकलं. घरातून एक टेबल आणि खुर्च्या शेतातच मागवल्या गेल्या. हॅरीने किल्लीवर चालणारं एक खेळण्याएवढं मॉडेल काढून टेबलावर मांडलं आणि सगळी युक्ती समजावली. दोघंही शेतकऱ्यांची मुलं, दोघांनाही बालपणी शेतीचा वैताग आलेला. फोर्डने बनवायचं आणि फर्ग्युसनने विकायचं असं ठरलं. उठून हातात हात घेतला आणि झाला करार! कागद नाही, सही नाही, साक्षीदाराचा अंगठा नाही.

आपल्याकडे शब्दावर विश्वास ठेवून व्यवहार करण्याचं कौतुक होतं. पण बहिणींनो, घराचे, सोन्याचे, जमिनीचे कागद आपल्या नावावर आहेत की नाहीत हे न बघता शब्दावर राहिलेल्या किती जणींचे हाल आपण पाहतो? हॅरीचंही तेच झालं, फक्त आकडे मोठे होते.

सुरुवात झकास झाली. जून १९३९ मध्ये फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टर लोकांसमोर आला, किंमत ५८५ डॉलर. त्या दिवशी आठ वर्षांच्या एका मुलाला ट्रॅक्टरवर बसवून नांगरट करून दाखवली. पुढच्या आठ वर्षांत तीन लाखांहून जास्त ट्रॅक्टर विकले गेले. पण म्हातारे फोर्ड थकले, सूत्रं त्यांच्या नातवाच्या हाती गेली. या धंद्यात कंपनीला तोटा होत होता आणि नातवाने कुणाचा हात हातात घेतलेला नव्हता. त्याने हॅरीला कळवलं की व्यवहार संपला. १९४७ मध्ये आजोबा वारले आणि त्याच वर्षी फोर्डचा नवा ट्रॅक्टर बाजारात आला. मागे तीच तीन दांड्यांची युक्ती आणि तोच तेलाचा पंप, फक्त फर्ग्युसन हे नाव नाही.

१९४८ च्या सुरुवातीला हॅरीने २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा ठोकला. जगातल्या बलाढ्य कंपन्यांपैकी एक विरुद्ध साठी पार केलेला एक आयरिश माणूस! खटला चार वर्षं चालला. एप्रिल १९५२ मध्ये तडजोड झाली आणि ९२ लाख ५० हजार डॉलर मिळाले. मागितले त्यापुढे हे काहीच नाही, वकिलांवर तर पाण्यासारखा पैसा गेलेला. पण पेटंट वापरल्याचे पैसे फोर्ड कंपनीला मोजावे लागले, आणि हॅरीला तेवढंच पुरेसं वाटलं. मला विचाराल तर तो पुरता जिंकलाही नाही आणि हरलाही नाही. माणूस मात्र दमला.

हा खटला चालू असताना इकडे इंग्लंडमध्ये त्याचं सगळ्यात लाडकं लेकरू जन्माला आलं होतं. कॉव्हेंट्री शहरात बॅनर लेन इथे महायुद्धात लढाऊ विमानांची इंजिनं बनवणारा एक कारखाना होता. युद्ध संपल्यावर तो रिकामा पडला. १९४६ पासून स्टँडर्ड मोटर कंपनीने तिथे हॅरीचा टीई-२० बनवायला सुरुवात केली. रंग करडा, उंची बेताची, दिसायला साधासुधा. लोक लाडाने त्याला करडी फर्गी म्हणू लागले. १९५६ पर्यंत पाच लाख सतरा हजारांवर फर्गी तयार झाल्या. वीस एकरांच्या शेतकऱ्यालाही परवडेल असं हे यंत्र. ब्रिटन-आयर्लंडच्या लहान शेतांवरून घोडे हटवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. घोडा काम करो वा न करो, त्याला खायला लागतंच आणि त्या चाऱ्यासाठी जमीन अडते, हे हॅरीचं लाडकं गणित होतं. ती जमीन माणसांच्या अन्नासाठी मोकळी झाली की स्वस्ताई येईल, असं तो मंत्र्यासंत्र्यांना सांगत सुटायचा.

या ट्रॅक्टरमधल्या बारीकसारीक गोष्टी बघितल्या की मला एखाद्या हुशार गृहिणीच्या स्वयंपाकघराची आठवण येते. गिअरचा दांडा एका ठरावीक जागी नेल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही, म्हणजे गिअरमध्ये असताना चुकून चालू होऊन कुणाला धडकायला नको. नेहमीची बांधाबांध करायला एकच पाना पुरतो आणि त्याच पान्यावर मापाच्या खुणाही आहेत, म्हणजे वेगळी पट्टी नको. जाहिरात करायची पद्धतही खास. दोऱ्या बांधून एक इवलासा चौकोन करायचा आणि त्यातला कोपरान् कोपरा नांगरून बाहेर यायचं. मोठ्या ट्रॅक्टरला तिथे वळताही यायचं नाही. लंडनच्या क्लॅरिजेस या बड्या हॉटेलात तर तो ट्रॅक्टर घेऊन आत शिरला आणि पायऱ्यांवरून खाली उतरवून दाखवला!

१९५३ मध्ये हॅरीने आपला व्यवसाय कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत मिसळला. तिथेही गंमत झाली. किमतीत दहा लाख डॉलरचा फरक राहिला आणि कुणीच मागे हटेना. शेवटी नाणं उडवून काय ते ठरवू असं झालं. नाणं उडलं, हॅरी हरला. दहा लाख डॉलर गेले आणि त्याने चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही म्हणतात. नंतर कॅनडाच्या मंडळींनी तेच नाणं चांदीच्या डबीवर बसवून त्याला भेट दिलं. पण दुसऱ्यांच्या हाताखाली राहणं त्याच्या रक्तातच नव्हतं. वर्षभरात तो बाहेर पडला. कंपनीचं नाव १९५८ मध्ये मॅसी फर्ग्युसन झालं, ते असं.

त्याच वर्षी जानेवारीत एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर पोचले. कशावरून? तर पट्टे बसवलेल्या तीन फर्ग्युसन ट्रॅक्टरवरून! बर्फातून जमिनीवरून ध्रुव गाठणारी ती पहिली वाहनं.

हॅरीचा शेवट मात्र मन खिन्न करतो. नैराश्याचे झटके त्याला वर्षानुवर्षं येत. काम असेपर्यंत तो सावरायचा. कंपनी सुटल्यावर त्याने मोटारींची चारही चाकं इंजिनाने फिरवायच्या तंत्रावर काम सुरू केलं, पण मोटारवाल्यांनी फारसा रस दाखवला नाही. झोप उडाली, गोळ्या आल्या. २५ ऑक्टोबर १९६० रोजी ग्लॉस्टरशरमधल्या राहत्या घरी, स्नानगृहात तो मृतावस्थेत सापडला. झोपेच्या औषधाचं प्रमाण जास्त झालं होतं. ते चुकून की जाणूनबुजून, हे चौकशीतही ठरलं नाही. पैसा, नाव, प्रेमाची माणसं असूनही मन आजारी पडू शकतं, आणि त्या काळी त्याविषयी घरातही कुणी बोलत नसे. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९६१ मध्ये, त्याच्या चार चाकी तंत्राच्या मोटारीने स्टर्लिंग मॉसच्या हाती औल्टन पार्कची शर्यत जिंकली.

आपल्याकडे मॅसी आला तो १९६० च्या दशकात. चेन्नईची टॅफे कंपनी १९६० मध्ये मॅसी फर्ग्युसनच्याच सहकार्याने सुरू झाली. कॉव्हेंट्रीचा मूळ कारखाना २००२ च्या अखेरीस बंद पडला. करड्या फर्गी मात्र अजून चालतात. सत्तर-पंच्याहत्तर वर्षं वयाच्या या ट्रॅक्टरना हुडकून पुन्हा उभं करायचा छंद ब्रिटन, आयर्लंड, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियात हजारो कुटुंबांना आहे. आजोबांची फर्गी गोठ्यात कोंबड्यांच्या खुराड्याखाली गंजत पडलेली असते. ती बाहेर काढायची आणि सगळ्यांनी मिळून कामाला लागायचं.

यातल्या जाणत्या लोकांची पद्धत शिकण्यासारखी आहे, आपल्या परसातलं जुनं पाण्याचं पेट्रोल इंजिन सुरू करतानाही ती उपयोगी पडेल. वर्षानुवर्षं बंद असलेलं इंजिन घाईने सुरू करायचं नाही, जोर तर मुळीच लावायचा नाही. आधी प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं पातळ तेल सोडायचं आणि चारसहा दिवस मुरू द्यायचं, लोणचं मुरतं तसं. मग हाताने हळूहळू फिरवून बघायचं. मोकळं झालं की जुनं ऑईल काढून नवं भरायचं. टाकीतलं शिळं पेट्रोल फेकायचं, त्याचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या बारीक भोकांत बसलेला असतो तो साफ करायचा. कडक झालेल्या रबरी नळ्या बदलायच्या. एवढं झाल्यावरच बॅटरी जोडायची. फर्गीचे सुटे भाग आजही नवे मिळतात, इतकी मागणी आहे. रंग देतानाही मंडळी तोच करडा रंग शोधून आणतात.

मग रविवारी जुन्या ट्रॅक्टरचा मेळा भरतो आणि म्हाताऱ्यांबरोबर शाळकरी पोरीही स्टिअरिंगवर बसून तास पाडतात. बेलफास्टजवळ कल्ट्रा इथल्या संग्रहालयात हॅरीच्या त्या पहिल्या विमानाची प्रतिकृती ठेवलेली आहे.